एक्सप्लेनर : बीपीच्या गोळीमुळे मेंदूतली रसायने कशी दिसू लागली? कोण होते डॉ. रुस्तम जाल वकील?

भंडारा : लाखांदूर असो की तुमसर, प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात की आधी दंडाला पट्टा बांधतात. पट्टा फुगतो, हळूहळू सैल होतो आणि कागदावर दोन आकडे येतात, वरचा आणि खालचा. घरात पन्नाशीच्या पुढचे कुणी असेल तर बीपीची गोळी सकाळच्या चहाइतकीच सवयीची झालेली असते. गोळी विसरली तर सून ओरडते, नातू आठवण करून देतो.

१९४० च्या दशकात मात्र हे दोन आकडे कळून फारसा उपयोग नव्हता. आकडा वाढलेला दिसायचा, पण तो उतरवणारी भरवशाची गोळी डॉक्टरांच्या हातात नव्हती. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातील एका हृदयरोगतज्ज्ञाने या काळात सर्पगंधा नावाच्या झुडपाच्या मुळीवर पद्धतशीर काम केले. १९४९ मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि मुळी जगभर पोहोचली. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

गोष्टीचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत आहे. याच मुळीतून निघालेल्या औषधामुळे शास्त्रज्ञांना मेंदूतील सेरोटोनिन आणि डोपामिन मोजण्याची वाट सापडली. आज जिवंत उंदराच्या मेंदूत डोपामिन सुटताच हिरवा उजेड देणारे सेन्सर तयार झाले आहेत. त्या सेन्सरपासून मागे मागे चालत गेलो, तर एक पायरी परळमध्ये लागते.

तेव्हा बीपीवर काय उपाय होते?

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब अनेक वर्षे वाढत होता. शेवटच्या दिवशी वरचा आकडा ३०० च्या घरात होता. जगातील सर्वांत ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडेही तो खाली आणणारे औषध नव्हते.

उपाय मुळीच नव्हते असे नाही. मणक्याच्या बाजूच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया होई. झोप आणणारी औषधे दिली जात. अमेरिकेत वॉल्टर केम्पनर नावाच्या डॉक्टरांनी भात, फळे आणि साखर एवढ्यावरच रुग्णांना ठेवणारा आहार काढला होता. धानाच्या जिल्ह्यातल्या वाचकांना हे ऐकून बरे वाटेल, पण त्या भातात मीठ नव्हते, सोबत वरण नव्हते आणि लोणचे तर नव्हतेच. काहींचा बीपी त्याने उतरायचाही. मात्र महिनोन्‌महिने असे जेवणारे किती निघणार?

वकील कोण होते?

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले. दुसरे महायुद्ध पेटण्याआधी ते मुंबईत परतले आणि पुढे केईएम रुग्णालयाशी त्यांचे नाव जोडले गेले.

केईएम १९२६ मध्ये सुरू झाले. आजूबाजूला गिरण्या, चाळी, कामगार वस्ती. एखाद्या हृदयरोगतज्ज्ञासाठी ती मोठी शाळा होती, कारण रुग्णांना तोटा नव्हता. ईसीजीचे यंत्र तेव्हा मोजक्याच ठिकाणी असे. बाकी सगळी भिस्त स्टेथोस्कोप, पाऱ्याचा बीपी मोजणारा खांब आणि डॉक्टरांच्या कानांवर. दंडावरचा पट्टा सैल होताना धमनीत ठकठक आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते ऐकायचे आणि आकडा लिहायचा. निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरांनी १९०५ मध्ये सांगितलेली हीच पद्धत आजही चालते.

वकील यांच्याकडे मोजायला एवढेच होते. मुळी शरीरात जाऊन नेमके काय करते, हे पाहण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. ती तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती.

सर्पगंधाचा शोध त्यांनी लावला का?

नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तसे लिहिलेले फिरते, म्हणून स्पष्ट सांगायला हवे. सर्पगंधा आयुर्वेदात आधीपासून होती. सापाच्या विषावर, तापावर, झोप न येण्यावर ती दिली जाई. बिहारमध्ये तर वेडावरची बुटी म्हणूनच ती ओळखली जायची. तिचे शास्त्रीय नाव रावोल्फिया सर्पेंटिना. सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ट रावोल्फ यांच्यावरून ते पडले. गंमत म्हणजे हे रावोल्फ कधी भारतात आलेच नव्हते.

आधुनिक काळात पहिले मोठे काम १९३१ मध्ये झाले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून अनेक अल्कलॉइड वेगळे केले. त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर चालते, असा निबंध लिहिला. पुढे रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात प्राण्यांवर तिची तपासणी केली. १९३४ मध्ये हिमालय कंपनीने सर्पिना नावाने तिच्या गोळ्याही बाजारात आणल्या.

म्हणजे वकील यांच्या आधी मुळी माहीत होती, तिच्यातील रसायने निघाली होती आणि गोळी दुकानात होती. मग त्यांचे वेगळेपण कशात?

माझ्या मते दोन गोष्टींत. पहिली, त्यांनी मोजले. उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, औषधाआधी बीपी किती, औषध चालू असताना किती, याची नोंद ठेवली आणि ती आकड्यांत मांडली. आजच्या कसोटीवर ५० ही संख्या लहान आहे. पण गुण येतो असे अनुभवाने सांगणे आणि इतक्या रुग्णांत इतका उतार दिसला असे लिहून दाखवणे यांत फरक आहे. दुसरी गोष्ट, त्यांनी हा निबंध ऑक्टोबर १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. सेन आणि बोस यांचे लेखन भारतीय नियतकालिकात होते, ते लंडन-बोस्टनच्या डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचलेच नव्हते. वकील यांचे पोहोचले.

हा भाग थोडा बोचणारा आहे. अठरा वर्षे आधी कोलकात्यात लिहिलेले जगाने वाचले नाही आणि विलायतेत छापून आल्यावर वाचले. त्यात वकील यांचा दोष नाही. उलट १९५५ मध्ये अमेरिकेच्या सर्क्युलेशन या नियतकालिकात त्यांनी सर्पगंधावरील तोवरच्या कामाचा सविस्तर आढावा लिहिला.

निबंध छापल्यावर काय झाले?

बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी निबंध वाचला आणि मुळी मागवली. १९५३ च्या सुरुवातीला त्यांचे निष्कर्ष छापून आले. बीपी हळूहळू उतरत होता, फार नाही, पण उतरत होता. सोबत आणखी एक गोष्ट दिसली. रुग्ण शांत होत होते, चिडचिड कमी होत होती, नाडी मंदावत होती. नाक चोंदते अशी तक्रारही होती.

त्याआधी १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य पदार्थ शुद्ध स्वरूपात काढला. त्याचे नाव रेसर्पीन. मूठभर मुळ्यांऐवजी मिलिग्रॅमच्या पाव भागात काम भागू लागले. रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये ते प्रयोगशाळेत पायरीपायरीने बनवून दाखवले. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते आजही शिकवतात.

न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी हेच औषध मनोरुग्णांना दिले. खोलीत कोंडून ठेवावे लागणारे काही रुग्ण बोलू लागले, जेवू लागले. मन नावाची गोष्ट रसायनाने बदलते, ही कल्पना तेव्हा अनेक डॉक्टरांना पटत नव्हती. रेसर्पीनने आणि त्याच सुमारास आलेल्या क्लोरप्रोमाझीनने त्यांना विचार करायला लावले.

१९५७ चा लास्कर पुरस्कार या सगळ्याची पावती होता. त्या वर्षी वैद्यकीय संशोधनाचा हा अमेरिकी सन्मान वाटून देण्यात आला, त्यात क्लाइन होते, क्लोरप्रोमाझीनवर काम करणारे लाबोरी, डेनिकर आणि लेमन होते आणि मुंबईचे वकील होते. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

पण बीपीच्या गोळीचा मेंदूशी काय संबंध?

इथून गोष्ट परळ सोडून प्रयोगशाळेत जाते, आणि मला स्वतःला हाच भाग सर्वांत आवडतो.

मेंदूतील पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. काही निरोप एका पेशीकडून शेजारच्या पेशीला, क्षणात संपणारे. काही रसायने मात्र दूरवर पसरतात आणि एकाच वेळी अनेक पेशींचा कल बदलतात. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही त्यातली. यांना न्यूरोमॉड्युलेटर म्हणतात. आपल्याकडच्या मामा तलावाचे पाणी सोडले की ते एका बांधीत थांबत नाही, बांधीतून बांधीत उतरत जाते. तसेच काहीसे. कुठल्या बांधीत काय पिकेल ते बियाणे ठरवते, पण पाणी आले की नाही यावर सगळ्यांचेच अवलंबून.

ही रसायने पेशीच्या टोकाला बारीक पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. गरज पडली की पिशवी फुटते आणि रसायन बाहेर सुटते. रेसर्पीन काय करते, ते आज नीट कळले आहे. पिशव्यांत माल भरणारे एक प्रथिन असते, रेसर्पीन त्यालाच अडवते. खरेदी केंद्रावर बारदाना संपला की धान उघड्यावर पडतो आणि उंदीर, पाऊस त्याची वाट लावतात. मेंदूतही तेच होते. पिशवीबाहेर राहिलेले रसायन पेशीतली एन्झाइम्स मोडून टाकतात आणि साठा रिकामा होतो. रक्तवाहिन्यांवरील नसांच्या टोकांतले नॉरअ‍ॅड्रेनलिन संपले की वाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतो. मेंदूतला साठा संपला की माणूस मंदावतो. दंडावरच्या पट्ट्यातून वकील यांना दिसत होता तो या साखळीचा शेवटचा दुवा.

१९५५ मध्ये यातले काहीच ठाऊक नव्हते. मेंदूत सेरोटोनिन असते हेच १९५३ मध्ये बेट्टी ट्वारोग आणि अर्विन पेज यांनी दाखवले होते. अमेरिकेतील बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड प्लेचर आणि पार्कहर्स्ट शोर यांनी प्राण्यांना रेसर्पीन दिले आणि शरीरातील सेरोटोनिन कमी झालेले पाहिले. पाठोपाठ मेंदूतही तेच दिसले. औषध शरीरातून निघून गेल्यावरही साठा बरेच दिवस भरून येत नव्हता.

इतके थोडे रसायन मोजले कसे? उत्तर आहे प्रकाश. काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश टाकला की ते दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. याला फ्लोरोसन्स म्हणतात. नोटा तपासायच्या निळसर दिव्याखाली नोटेतले धागे चमकताना तुम्ही पाहिले असतील. त्याच संस्थेत रॉबर्ट बोमन यांनी एक यंत्र बनवले. नमुन्यावर हवा तो रंग टाकायचा आणि परत येणारा मंद उजेड मोजायचा. सेरोटोनिन अशा प्रकाशात स्वतःच चमकते. रेसर्पीन हे साठा रिकामा करणारे औषध आणि बोमन यांचे यंत्र हा साठा पाहणारा डोळा, या दोन गोष्टी एकाच छताखाली, एकाच वेळी आल्या. विज्ञानात असा योग फार वेळा जुळत नाही.

सशांना कुणी जागे केले?

स्वीडनचे आर्विड कार्लसन ब्रॉडी यांच्याकडे काही महिने शिकायला आले होते. परत गेल्यावर त्यांनी सशांना रेसर्पीन दिले. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना सेरोटोनिन बनवणारा कच्चा माल दिला. काही झाले नाही. नंतर एल-डोपा दिले. पंधरा मिनिटांच्या आसपास ससे उठून फिरू लागले. हा प्रयोग १९५७ मध्ये छापून आला.

एल-डोपापासून नॉरअ‍ॅड्रेनलिन तयार होते, त्यामुळे ते वाढले असेल असे कुणालाही वाटेल. कार्लसन यांनी मेंदू तपासला तर नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढलेले नव्हते. मग ससे कशाने उठले? वाटेत तयार होणारा एक पदार्थ होता, डोपामिन. तोवर त्याला निव्वळ मधला टप्पा समजत. कार्लसन आणि सहकाऱ्यांनी फ्लोरोसन्सनेच डोपामिन मोजायची पद्धत बसवली आणि १९५८ मध्ये दाखवले की डोपामिन मेंदूत असते, रेसर्पीनने ते नाहीसे होते आणि एल-डोपाने परत येते. काही वर्षांत व्हिएन्नात पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी आढळले आणि एल-डोपा हे त्या आजाराचे औषध झाले. हातापायाला कंप सुटलेल्या आजोबांना आज न्यूरोलॉजिस्ट जी गोळी लिहून देतात, त्यात बहुधा तेच असते. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

आणि आजचे सेन्सर?

कार्लसन यांच्या पद्धतीत एक मोठी अडचण होती. मेंदू बाहेर काढून वाटावा लागे. एक प्राणी, एक आकडा. १९६२ मध्ये बेंग्ट फाल्क आणि निल्स-ओके हिलार्प यांनी मेंदूच्या वाळवलेल्या कापांवर फॉर्माल्डिहाइडची वाफ सोडली. डोपामिन असलेल्या पेशी हिरव्या चमकल्या, सेरोटोनिनच्या पिवळ्या. कुठल्या पेशीत काय आहे त्याचा नकाशा मिळाला. पण मेंदू मेलेलाच होता. रसायन सुटते कधी, हे कळत नव्हते.

योगायोग असा की त्याच १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केल्याची नोंद केली. त्याचा मेंदूशी तेव्हा काडीचाही संबंध नव्हता. पुढे हे प्रथिन जनुकामार्फत कुठल्याही पेशीत बनवून घेता येऊ लागले आणि २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यावर मिळाले.

२०१८ मध्ये या दोन धाग्यांची गाठ पडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लिन तियान यांच्या गटाने डीलाइट आणि पेकिंग विद्यापीठातील युलोंग ली यांच्या गटाने ग्रॅब नावाचा सेन्सर बनवला. कल्पना साधी आहे, काम किचकट. पेशीच्या आवरणात डोपामिन पकडणारे प्रथिन आधीच असते. डोपामिन येऊन बसले की या प्रथिनाचा आतला भाग थोडा सरकतो. शास्त्रज्ञांनी नेमक्या त्या सरकणाऱ्या भागात जेलीफिशचे हिरवे प्रथिन बसवले, तेही त्याची टोके अदलाबदल करून. डोपामिन नसताना ते मंद असते. डोपामिन बसले, भाग सरकला की उजेड वाढतो.

या सेन्सरचे जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूत घालून उंदराच्या मेंदूत सोडतात. काही आठवड्यांत तिथल्या पेशी स्वतःच सेन्सर बनवू लागतात. मग केसापेक्षा थोडी जाड काचेची ऑप्टिकल फायबर आत बसवतात. तिच्यातून निळा प्रकाश जातो आणि हिरवा परत येतो. उंदीर पाणी पितो, आवाजाने दचकतो, बक्षिसाची वाट पाहतो आणि पडद्यावर आलेखाची रेघ सेकंदाच्या आत उसळते. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनसाठीही असे सेन्सर आता आहेत.

इंजिनिअरिंग शिकलेल्या कुणालाही इथे पुढचा प्रश्न पडेल, नॉईजचे काय? तो आहेच. उंदीर हलला की फायबर हलते. बराच वेळ प्रकाश पडला की सेन्सर फिका पडतो. रक्त प्रकाश शोषते, त्यामुळे मेंदूतला रक्तपुरवठा बदलला तरी रेघ हलू शकते. म्हणून सोबत जांभळ्या प्रकाशाची दुसरी वाचणी घेतात. तिच्यावर डोपामिनचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे तिच्यात जे हलले ते खोटे समजून वजा करता येते. आणि सेन्सर दाखवतो तो फरक. आधीपेक्षा उजेड किती टक्के वाढला, एवढेच. मेंदूत डोपामिन नेमके किती आहे, हे सहजी कळत नाही. दंडावरच्या पट्ट्याला निदान पाऱ्याचे मिलिमीटर असतात, इथे तशी पक्की पट्टी नाही. जनुक टोचावे आणि फायबर घालावी लागत असल्याने माणसावर हे वापरले जात नाही. तुमचे डोपामिन मोजून देतो असे सांगणारे ॲप दिसले तर ते काय मोजते, हे आधी विचारा.

सेरोटोनिन आणि भावनांचा संबंध कसा जुळतो, यावर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट अनेक वर्षे काम करतो आहे. केईएमपासून हे ठिकाण लांब नाही.

वकील यांनी पुढे काय केले?

मेंदूच्या या शोधयात्रेत वकील नव्हते. ते रुग्ण तपासत राहिले. हृदयविकाराचा झटका येण्याआधी काही रुग्णांच्या छातीत वेगळ्या प्रकारे दुखू लागते, त्या अवस्थेवर त्यांनी १९६१ मध्ये सर्क्युलेशनमध्ये निबंध लिहिला. अशा रुग्णांना रक्त गोठू न देणारी औषधे दिली तर झटका टळतो का, हेही त्यांनी तपासले. आज छातीत दुखले की आधी रक्त पातळ करणारी गोळी देतात, तो विचार तेव्हा नवा होता. १९६५ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. अस्पी गोलवाला यांच्यासोबत त्यांनी रुग्णतपासणीवर पाठ्यपुस्तक लिहिले. एमबीबीएसच्या अनेक पिढ्या गोलवाला-वकील या जोडनावानेच त्यांना ओळखतात.

त्यांच्या हयातीतच रेसर्पीनचा सर्वांत मोठा विजय झाला. बीपी उतरवल्याने माणसे खरोखर वाचतात की नुसता आकडा सुधारतो, हा वाद अनेक वर्षे चालू होता. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली त्याचा निकाल लावला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. निम्म्यांना रेसर्पीन आणि जोडीला आणखी दोन औषधे दिली, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. १९६७ मध्ये निकाल छापला. बिनऔषधाच्या गटात २७ गंभीर घटना घडल्या, औषधाच्या गटात २. आरोग्य केंद्रात तुमच्या दंडाला पट्टा बांधतात, त्यामागे या दोन आकड्यांचे मोठे बळ आहे.

मग १९७४ उजाडले. सप्टेंबरमध्ये लॅन्सेटमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फिनलंडमधील तीन अभ्यास एकदम छापले गेले. रेसर्पीन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो, असे त्यांत म्हटले होते. भारतात आणि बाहेर खळबळ उडाली, औषधाची विक्री घसरली. दोन महिन्यांनी, २० नोव्हेंबर १९७४ रोजी, डॉ. वकील गेले. वय ६३.

पुढील अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. चूक कुठे झाली असावी, तेही कळले. कर्करोग झालेल्या स्त्रियांची तुलना ज्या इतर स्त्रियांशी केली, त्यांतून हृदय आणि रक्तवाहिन्यांचे रुग्ण वगळले गेले होते. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या बायकाच एका बाजूने काढून टाकल्या, तर त्या बाजूला रेसर्पीन घेणाऱ्या कमी दिसणारच. औषध दोषी ठरले ते मोजणीतल्या खोटीमुळे. ते कळेपर्यंत मात्र नवी औषधे बाजारात आली होती आणि रेसर्पीन मागे पडले ते पडलेच. रेसर्पीनने नैराश्य येते, हा आरोपही बराच काळ चिकटून होता. मनातील उदासी म्हणजे मेंदूतील या रसायनांची कमतरता, हा सिद्धांत १९६० च्या दशकात अंशतः त्यावरच उभा राहिला. अलीकडे जुने पुरावे पुन्हा चाळले तेव्हा ते वाटत होते तितके भक्कम नसल्याचे दिसले.

मग सर्पगंधाची पूड घरी घ्यावी का?

नाही. आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन मुळीची पूड मिळते म्हणून चालू गोळी बंद करून ती घेणे धोक्याचे आहे. एका झाडाच्या मुळीत रेसर्पीन जितके असते तितकेच दुसऱ्यात असेल असे नाही, त्यामुळे चमचाभर पुडीतून किती औषध पोटात गेले ते कळत नाही. बीपी एकदम खाली येऊ शकतो, नाडी मंदावू शकते. नैराश्यावरची औषधे घेणारे, पोटात अल्सर असलेले आणि गर्भवती स्त्रियांनी तर तिच्यापासून दूरच राहावे. चालू गोळी झेपत नसेल तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तसे सांगा, ते गोळी बदलून देतात.

मुळीसाठी अख्खे झाड उपटावे लागते. १९५० च्या दशकात जगभरातून मागणी आली तेव्हा जंगलातून ती इतकी खोदली गेली की सरकारला कच्च्या मुळ्यांच्या निर्यातीवर बंधने आणावी लागली. आज सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या यादीत आहे.